होडीला ढकलणारं पाणी

होडी उलटली आणि हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली.

शिट्टी कौतुकाची होती. पडद्यावरची लाट मी बनवली होती आणि खरं सांगायचं तर लाट उत्तम होती. फुटताना तिच्या माथ्यावरून तुषार मागे उडत होते. फेस जाळीसारखा पसरून हळूहळू विरत होता. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर मोबाइल काढून शूटिंगच सुरू केलं. मच्छीमार सोसायटीच्या त्या हॉलमध्ये दुपारी साठेक माणसं असतील.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सुहास उठला. दारातल्या चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि तसाच पावसात निघून गेला. शिट्टी मारणाऱ्याने मान खाली घातली. पडद्यावर उलटलेली होडी कोणाची, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

मी फिलोमिना. मालवणात मला फिलू म्हणतात. कॉम्प्युटरवर पाणी बनवणं हा माझा धंदा आहे. सिनेमात जहाज वादळात सापडतं, पूर येतो, धरण फुटतं, ते पाणी बहुतेक वेळा खरं नसतं. माझ्यासारखं कोणीतरी ते खुर्चीत बसून बनवतं. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मी बारा वर्षं हेच केलं. मग घरी परत आले, वरच्या खोलीत दोन मशीन मांडली आणि इथूनच काम घेऊ लागले. माझं पाणी खोटं दिसतं असं म्हणणारा दिग्दर्शक मला फार वर्षांत भेटला नव्हता.

हे काम मात्र सिनेमाचं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी आमच्या खाडीच्या तोंडाशी एक फायबरची होडी उलटली. मासे घेऊन परत येत होती. चौघे होते. तिघे पोहून बाहेर आले, रमाकांत आला नाही. होडी चालवत होता त्याचा चुलत भाऊ सुहास. त्यानंतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण अधिकारी परब मॅडम यांनी ठरवलं की पावसाळी बंदी उठून नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडायच्या आत सगळ्या होडीवाल्यांना पाच मिनिटांची फिल्म दाखवायची. खाडीच्या तोंडावर होडी कशी उलटते आणि काय केलं तर वाचते, एवढाच विषय. त्या दुपारी मी दाखवला तो पहिला व्हर्जन होता.

हॉल रिकामा झाला. मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत होते. दत्तूकाका तेवढे बसून राहिले होते. दत्ताराम तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. चाळीस वर्षं त्यांनी होडी चालवली, आता गुडघ्यांनी दगा दिलाय.

"फिलू, तुझा पाणी दिसता बरा," ते म्हणाले.

"थँक्यू, काका."

"पण माका एक सांग. हयसर पाणी होडयेक फिरवता, काय होडी पाण्याक फिरवता?"

मी वायर गुंडाळायची थांबले. माझ्या धंद्यातली सगळ्यात झाकून ठेवलेली गोष्ट त्यांनी एका बैठकीत पकडली होती.

ती गोष्ट अशी. सिनेमात होडी पाण्यावर तरंगत नाही. आधी ॲनिमेटर होडी हाताने हलवतो. इथे पुढचं टोक वर, इथे डावीकडे कल, इथे उलटी. अशा ठरवून दिलेल्या जागांना की-फ्रेम म्हणतात. होडीची हालचाल पक्की झाली की मग आम्ही तिच्याभोवती पाणी सोडतो. होडी जाईल तसं पाणी उडतं, फुटतं, फेसाळतं. बघणाऱ्याला वाटतं लाटेने होडी उलटवली. प्रत्यक्षात होडीच पाण्याला हलवत असते. दिग्दर्शकाला होडी नेमकी त्याच्या मनासारखी उलटायला हवी असते, त्यामुळे ह्यात कोणाची तक्रार नसते.

"होडी पाण्याक फिरवता," मी कबूल केलं.

"होय मां? मगे होडी डाव्या बाजूक वळली ती तू वळवलंस."

"सुहासने हँडल फिरवलं म्हणून..."

"ह्यां तुका कोणी सांगितल्यान?"

"सगळी सांगतत, काका."

"सगळी थंय होती काय?"

गावात अडीच महिने एकच बोललं जात होतं. सुहास घाबरला, त्याने इंजिनाचं हँडल भलतीकडे वळवलं, होडी आडवी झाली आणि रमाकांत गेला. मी ते ऐकलं होतं आणि कोणालाही न विचारता की-फ्रेम करून टाकलं होतं. वर त्याला उत्तम फेस लावला होता. उद्या खात्याचा शिक्का मारून तीच फिल्म किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात फिरली असती. त्या माणसाला आयुष्यभर ती पुसता आली नसती.

संध्याकाळी परब मॅडमचा फोन आला.

"फार छान झालंय म्हणे. मुलांनी शिट्ट्या मारल्या. फायनल कधी देताय?"

"मॅडम, हा व्हर्जन बाद."

"बाद? का?"

"होडी चुकीच्या कारणाने उलटते."

"पण पाणी किती खरं वाटतंय!"

"तोच तर घोटाळा आहे. मला तीन आठवडे द्या."

"अडीच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचंही बरोबर होतं. होड्या बाहेर पडल्यावर फिल्म दाखवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीच्या सगळ्या की-फ्रेम पुसून टाकल्या. आता होडी मोकळी. तिला वजन द्यायचं, मागे इंजिनाचा जोर द्यायचा आणि पाण्यावर सोडून द्यायची. पाणी तिला ढकलेल, ती पाण्याला ढकलेल. ह्याला आम्ही सिम म्हणतो, सिम्युलेशनचं लाडकं नाव. कॉम्प्युटर पाण्याचे कोट्यवधी कण धरतो आणि प्रत्येक कणाला शेजारचे कण कुठे ढकलतायत ते क्षणाक्षणाला मोजतो. एका सेकंदाची चोवीस चित्रं. एकेका चित्राचं गणित करायला माझ्या मशीनला दोन-दोन, तीन-तीन मिनिटं लागत. प्रत्येक चित्राचा हिशेब डिस्कवर साठत जातो, त्याला कॅश म्हणतात. ऑगस्टमध्ये आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते. कॅश असल्यामुळे जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. नाहीतर मी हा धंदा मालवणात करूच शकले नसते.

पहिली सिम संपली. मी बघायला बसले. लाट आली, होडीखालून गेली, होडी बदकासारखी वर झाली आणि खाली आली. मजेत खाडीत शिरली. उलटायचं नावच नाही.

दत्तूकाकांना घरी बोलावलं. त्यांनी चहा घेता घेता एकदाच बघितलं.

"माणसां खंय आसत?"

माणसं मी नंतर घालणार होते, दिसण्यापुरती. वजन म्हणून धरलीच नव्हती. बर्फाची पेटी नाही, मासे नाहीत, मागे लटकणाऱ्या इंजिनाचं वजन अंदाजाने दिलेलं. रिकामी होडी आणि भरलेली होडी पाण्यात वेगळी बसते हे तर मलाही कळतं. सिनेमात कधी गरज पडली नव्हती एवढंच.

"आणि तुझ्या दर्याक तळ खंय आसा?" काकांनी पुढे विचारलं.

तळ नव्हता. सिनेमातल्या समुद्राला बहुधा तळ नसतोच. वरचा पृष्ठभाग तेवढा लाटांच्या गणिताने हलवतात, होडीच्या आसपास खरी सिम करतात. खोल समुद्रासाठी ते पुरतं. पण लाट फुटते ती तळामुळे. उथळ जागी आली की तिचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती कोसळते. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. तो दर पावसाळ्यात जागा बदलतो. त्याचा नकाशा कोणाकडेच नव्हता.

"मोजूक जावया," काका म्हणाले. "भांगाचे दिवस येवंदेत." भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. "होडी मी बघतंय."

चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली. भरती पूर्ण होऊन पाणी थांबायच्या बेताला आम्ही खाडीच्या आतल्या बाजूने निघालो. जेटीवर जाऊन बघते तर होडीत सुहास बसलेला. होडीही तीच. एका बाजूला फायबरचा नवा तुकडा लावलेला, रंग अजून द्यायचा होता.

मी काकांकडे बघितलं. ते लाइफ जॅकेटचा पट्टा लावण्यात फार गुंतले होते.

सुहास तिशीतला माणूस. त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "खंयपासून मोजायचा?"

दोरीला शिसं बांधलेलं होतं आणि दोरीवर वावाच्या खुणा. दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर म्हणजे वाव. शिसं टाकायचं, तळाला टेकलं की खूण बघायची, मोबाइलवर जागा नोंदवायची. चाळीसेक ठिकाणी टाकलं. सुहास होडी एका जागी अशी धरून ठेवत होता की मला दोरी सरळ मिळावी. कुठे थांबायचं ते एकदा सांगितलं की पुरे. पहिल्या अर्ध्या तासात तो 'होय' आणि 'झाला?' ह्यापलीकडे काही बोलला नाही.

तोंडाच्या मध्यावर आलो. साडेतीन वाव खोल असलेलं पाणी एकदम एका वावावर आलं. मी पुन्हा शिसं टाकलं. एकच वाव.

"हयसरच," सुहास म्हणाला.

मी दोरी वर ओढून घेतली. समुद्र त्या दिवशी अगदी शहाण्यासारखा वागत होता.

"सुकती लागलली," तो आपणहून सांगायला लागला. सुकती म्हणजे ओहोटी. "खाडयेचा पाणी जोरात भायर येय होता. रमाकांत म्हणालो, भरतीची वाट बघीत रवलो तर माशांचो लिलाव चुकतलो. मी म्हटलं, चल. मागसून लाट इली, मागची बाजू उचालली. मगे माका काय समाजलाच नाय." मग इंजिनाकडे बघून म्हणाला, "हँडल सरळच होता."

मी वहीत लिहिलं: ओहोटी, प्रवाह बाहेर. मग त्याला विचारलं की चौघे कुठे कुठे बसले होते, बर्फाची पेटी कुठे होती, मासे किती होते. त्याने सगळं सांगितलं. रमाकांत पुढे बसला होता. मी तेही लिहिलं. मला दुसरं काय करता येणार होतं?

घरी आल्यावर चाळीस मापांवरून तळ बनवला. होडीत माणसं, पेटी, मासे, इंजिन, सगळं वजन जागच्या जागी ठेवलं. सिम लावली. लाट दांड्यावर आली आणि फुटली! कोणी सांगितलं नव्हतं, की-फ्रेम नव्हती, आपली आपण फुटली. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. पण होडी धडपडत का होईना, पार झाली.

मग वहीतली ओळ वाचली आणि खाडीतून बाहेर येणारा प्रवाह घातला. समोरून प्रवाह आला की लाट दबते, आखूड होते आणि तेवढीच उभी होते. एरवी उतार वाटते ती लाट भिंत होते. ही सिम दीड दिवस चालली.

दीड दिवसानंतर बघितलं. लाटेने होडीची मागची बाजू उचलली. पुढचं टोक पाण्यात रुतलं. मागची बाजू एकीकडे फिरली आणि होडी लाटेला आडवी झाली. लगेच दुसरी लाट आली आणि होडी उलटली. हँडल मी सरळ ठेवलं होतं.

एकदा झालं म्हणून मी विश्वास ठेवत नाही. कण जरा मोठे धरून हलक्या सिम केल्या, म्हणजे लवकर होतात. हँडल डावीकडे. उजवीकडे. इंजिन कमी. इंजिन जास्त. लाट थोडी लहान. अकरा वेळा चालवलं. होडी त्या लाटेच्या पुढच्या उतारावर सापडली की हँडल कुठेही असो, आडवी होत होती. दोनदा वाचली. दोन्ही वेळा ती लाटेच्या पाठीवर होती, म्हणजे लाट पुढे गेलेली आणि होडी तिच्या मागोमाग. ह्या अकराखेरीज प्रवाह आत येणारा करून, म्हणजे भरती धरून, काही वेळा चालवलं, तेव्हा बहुतेक वेळा काहीच झालं नाही.

शेवटी रेंडर. रेंडर म्हणजे त्या कणांच्या गणितावर उजेड, रंग, पारदर्शकपणा चढवून चित्र काढणं. पहिल्या व्हर्जनमध्ये मी पाणी निळंहिरवं ठेवलं होतं, पर्यटनाच्या जाहिरातीसारखं. आता ओहोटीचं गढूळ पाणी बाहेर येताना दाखवलं, चहाच्या रंगाचं, आणि समुद्राच्या हिरव्याला ते मिळतं तिथली रेघ. फेस मळकट. दिसायला पहिल्याहून साधं. पण होडीवाल्यांना ओहोटी ओळखायची खूण पडद्यावर मिळाली.

दुपारी सुहास आणि काका दोघांना घरी बोलावलं. सुहासला आधीच सांगितलं, "बघूचा नसात तर नको बघू." तो म्हणाला, "लाव."

त्याने तीनदा बघितलं. मग मी हँडल डावीकडे असलेली, उजवीकडे असलेली अशा बाकीच्या सिमही दाखवल्या. तो पुढे वाकून बसला होता.

"म्हणजे हँडलाचा काय नव्हता," तो म्हणाला.

"माझ्या गणितात तरी नाय."

त्याने स्क्रीनवरच्या उलट्या होडीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पण होडी आत मीच घातली."

मला वाटलं काका काहीतरी समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "होय. तू घातलंस. आमीय घातलली, धा वेळा. आमी वाचलव." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुहासने तोंड फिरवलं. मी चहा करायला खाली गेले आणि मुद्दाम वेळ लावला.

परब मॅडमना फिल्म पाठवली. त्यांचा लगेच फोन.

"म्हणजे त्या मुलाची चूक नव्हती, हे सिद्ध झालं! चौकशीच्या फाइलला जोडू का?"

"नाही मॅडम. जोडू नका."

"का?"

"लाटेची उंची आणि प्रवाहाचा जोर हे त्याच्या आणि काकांच्या आठवणीवरून घेतलंय. दांडा आजचा मोजलाय, मे महिन्यातला नाही. हा पुरावा नाही."

"मग लोकांना तरी कशाला दाखवायचं?"

"त्या दिवशी काय झालं हे सांगायला नाही. ओहोटीला आत शिरू नये, हे सांगायला. तेवढं ह्यात पक्कं आहे. आणि सुरुवातीला पाटी टाकलीय, की हा कोणत्याही एका अपघाताचा देखावा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "पाटी मोठ्या अक्षरात करा. मागच्या बाकावरून वाचता आली पाहिजे."

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी फिल्म पुन्हा त्याच हॉलमध्ये दाखवली. ह्या वेळी कोणी मोबाइल काढला नाही. होडी लाटेवर चढायच्या आधीच मागून एकजण ओरडला, "अरे, सुकती आसा!" दुसरा म्हणाला, "थांब रे, भायर थांब!" पडद्यावरच्या होडीला सांगत होते. इतक्या वर्षांच्या कामात मला एवढी मोठी पावती मिळाली नव्हती.

फिल्म संपल्यावर सुहास उठला. मला वाटलं, पुन्हा निघाला. तो पुढे येऊन पडद्याशी उभा राहिला. हातात माइक दिला तो त्याने खाली ठेवला.

"ही लाट बघितलास मां? हिच्या तोंडात गावलास तर कोणाचो हात चालाचो नाय," तो म्हणाला. "लाटेच्या फाटीर रवा. सुकती आसली तर आत येवच नकात. आमचो लिलाव चुकलो असतो. इतक्याच झाला असता."

आणि जाऊन आपल्या बाकावर बसला. शेजारच्याने सरकून त्याला जागा दिली.

ह्याला आता एक हंगाम झाला. ओहोटीच्या वेळी खाडीबाहेर तीन-चार होड्या थांबलेल्या दिसतात. माणसं जाळी झाडत असतात, डबा खात असतात, भरतीची वाट बघत असतात. सगळेच थांबतात असं नाही. सुहास पुन्हा समुद्रावर जायला लागलाय.

परब मॅडमना तीच फिल्म आणखी दोन खाड्यांसाठी हवी होती. मी सांगितलं, तिथला दांडा वेगळा, तिथे शिसं टाकून नव्याने मोजावं लागेल, आणि इथलाही दर पावसाळ्यानंतर परत. त्या म्हणाल्या, "फार किचकट काम आहे हो तुमचं." मोजायला माणसं मात्र त्यांनी दिली.

सिनेमाची कामं अजून करते. तिथे होडी हाताने हलवते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, कारण तिकीट काढून आलेल्याला ते खोटं आहे हे माहीत असतं. पण ह्या धंद्यात येऊ बघणारी मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा त्यांना एक सांगते. जे तुम्ही पाहिलं नाही, मोजलं नाही, ते हाताने हलवलंत तर पडद्यावर तसं लिहा. आणि पाणी जितकं चांगलं जमलं असेल, तितकं ते मोठ्या अक्षरात लिहा.